गरम हवा, गार पाणी आणि कोल्हापूरची इंजिने

राजारामपुरीत पत्ता सांगायचा तर गल्लीचा नंबर पुरतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या या भागात एक मुख्य रस्ता आणि त्याला येऊन मिळणाऱ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाच्या गल्ल्या आहेत. आज त्या रस्त्यावर कापडाची आणि मोबाइलची दुकाने, क्लासेसच्या पाट्या आणि गणपतीत रात्र जागवणारी मंडळे दिसतात. पण याच वस्तीच्या शेजारी शाहू मिल आहे आणि शिवाजी उद्यमनगरही. तिकडे वळले की पाट्या बदलतात: रिबोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड सरफेसिंग, नोझल टेस्टिंग, रेडिएटर रिपेअर.

कोल्हापूरची ओळख सांगताना गूळ, चप्पल, तालीम आणि तांबडा-पांढरा एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. इंजिनाचे नाव क्वचितच कोणी घेतो. या शहरातल्या कित्येक घरांची चूल मात्र इंजिनावर पेटली आहे. कोणी ते दुरुस्त केले, कोणी त्याचे भाग ओतले, कोणी त्यांवर लेथ चालवली. या सगळ्या कामाच्या मुळाशी एकच अडचण होती, उष्णतेची. इंजिनाचा निम्मा इतिहास हा त्याला थंड ठेवण्याचा इतिहास आहे. नदीचे पाणी सिलिंडरभोवती फिरवण्यापासून टर्बोने दाबलेली हवा पाण्याने गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतची वाट कोल्हापूरने जवळून पाहिली आहे. हीच वाट पुढे कॅनडातल्या बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलपर्यंत जाते.

लहान डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम एकतृतीयांश उष्णता कामी येते. उरलेली धुराबरोबर आणि पाण्याबरोबर निघून जाते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हा हिशेब मांडावा लागतो. त्याला ‘हीट बॅलन्स शीट’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजांत हा प्रयोग किर्लोस्करच्या एव्ही-१ इंजिनावर होतो. एक सिलिंडर, ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, मिनिटाला १५०० फेरे आणि ताकद पाच अश्वशक्ती. पाणी किती अंशांनी तापून बाहेर पडते हे थर्मामीटरवर पाहायचे आणि कागदावर उतरवायचे. विद्यार्थी जे आकड्यांत मांडतो, ते पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला हाताच्या तळव्याने कळत होते.

त्या शेतकऱ्याकडे इंजिन आले ते उसामुळे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती, त्यामुळे माल बाहेर काढणेही सोपे झाले. गुळाला गिऱ्हाईक वाढले तसा ऊस वाढला आणि उसाला पाणी लागले. बैलांच्या मोटेने एवढे पाणी ओढणे आवाक्याबाहेर गेले. नदी भरून वाहत असली तरी तिचे पात्र खोल आणि मळा उंचावर. तिथे ऑइल इंजिन आणि पंप हाच उपाय होता.

सुरुवातीची इंजिने विलायती. रस्टन, ब्लॅकस्टोन, लिस्टर ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी घरच्यासारखी असत. लिस्टरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला अवघे सहाशे फेरे घेई. दोन जड चाके, संथ ठोका आणि भक्कम बांधणी यांमुळे ते वर्षानुवर्षे चाले. त्याला थंड ठेवण्याची सोयही साधीच होती. पंपाच्या डिलिव्हरी पाइपला एक बारीक फाटा काढायचा, ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीत सोडायचे आणि दुसऱ्या बाजूने पाटात काढून द्यायचे. नदी उपसणारे इंजिन नदीनेच गार व्हायचे. जिथे पंप नव्हता, म्हणजे उसाचा चरक किंवा पिठाची गिरणी होती, तिथे इंजिनाशेजारी लोखंडी टाकी उभी करत. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत जाई आणि गार पाणी खालच्या नळीने इंजिनात येई. त्याला वेगळा पंप लागत नसे.

या सोयीला खोडही होती. विहिरीचे पाणी जड असेल तर जॅकेटमध्ये क्षाराचा थर बसे. थर वाढला की पाणी फिरायला जागा उरत नसे, भिंत तापे, हेडचे पॅकिंग उडे, कधी सिलिंडरला तडा जाई. मग इंजिन बैलगाडीत घालून शहरात आणायचे. परदेशातून सुटा भाग यायला महिने लागत आणि तोवर ऊस वाळून जाई. कोल्हापूरच्या मिस्त्रीला भाग घडवावा लागला तो अशा निकडीतून.

घडवण्याची सवय शहराला आधीपासून होती. १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने कापडगिरणी उभी राहिली. गिरणी म्हटली की यंत्रे आली, शाफ्ट आणि बेअरिंग आले, दुरुस्ती आली. त्याच काळात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा विकत न आणता कोल्हापुरातच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. समोरची वस्तू उघडायची, तिचे माप घ्यायचे, आपल्याकडच्या लेथवर ती पुन्हा करायची आणि जमेपर्यंत सोडायची नाही, ही इथली रीत होती. कॅमेऱ्याला लागलेली ही चिकाटी इंजिनालाही लागली.

आजूबाजूचा मुलूखही यंत्रांचा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथून नांगर आणि पुढे पंप बाहेर पडू लागले. साताऱ्यात धनजीशहा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, पण शेतकऱ्यांत त्यांचे नाव पोचले ते इंजिनामुळे. पहिल्या देशी डिझेल इंजिनांच्या गोष्टीत कूपर हे नाव हमखास येते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूर या साखळीच्या दक्षिण टोकाला होते. मोठ्या कारखान्यांना ओतीव भाग आणि शेतकऱ्याला दुरुस्ती अशी दोन्हीकडची गरज त्याने उचलली.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबाराचा आश्रय संपला, पण नदीकाठची मागणी वाढतच गेली. दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवणारा आणि पावसाळ्यात बरगे काढून पूर सोडून देणारा ‘कोल्हापुरी बंधारा’ याच जिल्ह्याचे नाव घेऊन राज्यभर गेला. या बंधाऱ्याला सहसा कालवा नसतो. पाणी पात्रातच साठते आणि ज्याला हवे त्याने उपसून न्यायचे असते. म्हणजे प्रत्येक बंधाऱ्यामागे काठावर पंपांची रांग आलीच. उद्यमनगरातल्या भट्ट्यांना काम मिळण्यामागे हेही एक मोठे कारण होते.

सिलिंडर हेड किंवा ब्लॉक बाहेरून नुसता लोखंडी ठोकळा दिसतो. अवघड असते ती आतली पोकळी. पाणी जिथून फिरणार ती वेडीवाकडी जागा ओतकामातच ठेवावी लागते, नंतर कोरून काढता येत नाही. त्यासाठी पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा करतात. फौंड्रीत सगळे त्याला कोअर म्हणतात. पूर्वी वाळूत जवसाचे तेल किंवा साखर कारखान्यातली मळी असा चिकटा मिसळून, लाकडी पेटीत दाबून, भट्टीत भाजून कोअर तयार होई. ती साच्यात अलगद टांगायची आणि तिच्याभोवती तेराशे अंशांहून तापलेला रस ओतायचा. कोअर जराशी सरकली तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते. हवा निघायला वाट नसेल तर लोखंडात फुगे राहतात. ओतीव गार झाल्यावर वाळू फोडून, झटकून काढायची, सगळी भोके बुजवायची, आत दाबाने पाणी भरायचे आणि पाहत उभे राहायचे. कुठे घाम फुटल्यासारखा ओलावा दिसला की तो नग बाद. दिवसभराची मेहनत पुन्हा भट्टीत जाते.

हे काम जमले त्या दिवशी कोल्हापूर दुरुस्तीचे गाव राहिले नाही, इंजिनाचे गाव झाले. उद्यमनगर अपुरे पडले तसे कारखाने शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत गेले. घाटगे-पाटील यांच्यासारख्या उद्योगांनी वाहनांसाठी मोठी ओतकामे केली. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या मेनन पिस्टन्सने इंजिनाच्या पोटातला प्रचंड तापणारा भाग हाती घेतला. पुढे कागलच्या पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचाच कारखाना आला. आज कोल्हापूर परिसरात सुमारे ३०० फौंड्री असल्याचे सांगितले जाते. देशातल्या ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींच्या इंजिनांत इथला भाग सापडणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

तोवर जगात इंजिनाची नवी अडचण उभी राहिली होती. पाण्याने सिलिंडर गार होत होता. आता आत जाणारी हवाच गार करण्याची वेळ आली.

जेवढी हवा आत जाईल तेवढेच इंधन नीट जळते, म्हणून हवा दाबून भरली तर त्याच मापाच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये यासाठी एक कल्पना पेटंट करून घेतली. वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबायची. हाच टर्बो. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांवर तो बसला, तेव्हा इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

उंचीवर तर टर्बोचे मोल आणखी. जितके वर जावे तितकी हवा विरळ होते. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक डोंगरावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडल्यावर त्याने तिथेच ३५६ दिली. जर्मनीत मेबॅक कंपनीने याच काळात वेगळी युक्ती केली. विमानाचे इंजिन मुद्दाम गरजेपेक्षा मोठे आणि जास्त दाबाचे करायचे, जमिनीलगत त्याला पुरते मोकळे सोडायचे नाही आणि वर गेल्यावर सगळी ताकद वापरायची. कोल्हापूरकरांना मेबॅक हे नाव नवे नाही. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा तिच्याभोवती गर्दी होते.

टर्बोत एक मेख होती. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचे तोंड हाताला चटका देते, तेच इथेही घडते. ३० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली तर ती १२० अंशांच्या पुढे तापते. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाबून जे मिळवले त्यातले बरेच पुन्हा हातचे जाते. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात तापलेल्या हवेने इंधन वेळेआधी पेटते, ठोका बसतो आणि पिस्टनचे डोके वितळू लागते. हीच हवा वाटेत ६० अंशांपर्यंत गार केली तर तेवढ्याच दाबात वीस टक्क्यांच्या आसपास जास्त हवा सिलिंडरात बसते. टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसून हे काम करतो तो इंटरकूलर.

तो दोन प्रकारांनी गार होतो. एकात बाहेरचा वारा पात्यांतून जातो आणि आतली हवा थंड करतो. दुसऱ्यात आतल्या हवेची उष्णता पाणी घेते आणि ते पाणी दुसरीकडच्या छोट्या रेडिएटरमध्ये जाऊन निवते. वजनाला वजन धरले तर पाणी हवेच्या चौपट उष्णता पोटात घेते आणि जागेच्या हिशेबाने तर हजारो पट. म्हणून पाण्याचा इंटरकूलर छोटा होतो आणि इंजिनाच्या अगदी जवळ, अडचणीच्या जागी बसतो. त्याची किंमतही मोजावी लागते. वेगळा पंप, वेगळा रेडिएटर, वाढलेल्या नळ्या आणि गळतीच्या नव्या जागा.

दुसऱ्या महायुद्धात हा पाण्याचा प्रकार आभाळात गेला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात हवा एकामागून एक अशा दोन टप्प्यांत दाबू लागले, तेव्हा ती इतकी तापे की मध्ये पाणी-ग्लायकॉलचा कूलर घालणे भाग पडले. त्यातला दाबयंत्राचा भाग टर्बोऐवजी दातेरी चाकांवर चाले, पण गार करण्याची युक्ती तीच. १९४२ मध्ये स्पिटफायर मार्क ९ या इंजिनाने उडाले. त्याच घराण्यातले मार्क ८ स्पिटफायर १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनला ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी मिळाले. ही विमाने सांभाळताना भारतीय मेकॅनिकांचा पाण्याने गार होणाऱ्या इंटरकूलरशी संबंध आला.

कोल्हापूरच्या माणसाने तो पाहिला असेल तर बहुधा रेल्वे स्टेशनवर, आणि तेही नकळत. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला आणि पुढे डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने गाड्या ओढू लागली. मूळ रचना अमेरिकेतल्या अल्को कंपनीची. पहिली इंजिने १९६२ मध्ये तिथून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, धुरावर फिरणारा टर्बो आणि त्याच्या पुढे इंजिनातल्याच पाण्याने हवा निववणारा कूलर. रेल्वेत त्याला आफ्टरकूलर म्हणत. पुण्याच्या डिझेल शेडमध्ये त्याची जाळी उतरवून तेल आणि काजळी धुणे हे ठरलेले काम असे. जाळी तुंबली की हवा कमी, हवा कमी की धूर काळा, हे तिथल्या फिटरला पुस्तकात वाचावे लागत नव्हते. नंतर याच इंजिनाची ३१०० अश्वशक्तीची आवृत्ती निघाली, तेव्हा टर्बोबरोबर हा कूलरही मोठा झाला.

दुसरा रस्ता पुण्याच्या कोथरूडमधून आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सने पुढे एनटीए-८५५ हे इंजिन बनवले. नावातला ‘टी’ टर्बोचा आणि ‘ए’ आफ्टरकूलरचा. धरणांच्या कामावरचे डोझर, कारखान्यांतले मोठे जनरेटर अशा ठिकाणी ते बसे. एका जागी उभ्या असलेल्या किंवा रांगत चालणाऱ्या यंत्राला समोरून वारा मिळत नाही. तिथे पाण्याशिवाय इलाज नसतो.

ट्रकांचे गणित उलटे. धावत्या गाडीला समोरून फुकटचा वारा मिळतो, म्हणून इथे वाऱ्याने गार होणारा इंटरकूलर जिंकला. गाडीच्या दारावर टर्बोची ‘टीसी’ अक्षरे आली, मग ‘टर्बो इंटरकूल्ड’ आले. २००० नंतर धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये देशभर बीएस-६ लागू झाले. गार हवेने नुसती ताकद वाढत नाही, जळण्याचे तापमान उतरते आणि धुरातले नायट्रोजनचे घातक वायूही कमी होतात. त्यामुळे इंटरकूलर ही चैन उरली नाही, कायद्याने गळ्यात पडलेली गरज झाली.

गॅरेजात यामुळे नवे दुखणे आले. ड्रायव्हर सांगतो, पिकअप गेला, काळा धूर येतो, शिट्टी वेगळी वाजते. जुना मिस्त्री आधी पंप-नोझल उघडायचा. नवा मिस्त्री आधी साबणाच्या पाण्याची बाटली हातात घेतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक होज, प्रत्येक क्लिप भिजवायची, हवेचा दाब द्यायचा आणि फेस कुठे येतो ते बघायचे. बहुतेकदा चूक निघते ती ढिल्या क्लिपमध्ये किंवा रबराला गेलेल्या बारीक चिरेत. फौंड्रीचेही काम वाढले. टर्बो आला की सिलिंडरातला दाब वाढतो, मग हेड जास्त मजबूत हवे आणि त्यातल्या पाण्याच्या वाटा आणखी अचूक. व्हॉल्व्हच्या मधल्या बोटभर जागेतूनही पाणी जायला हवे. कोअर बारीक होत गेली आणि ती मोडण्याची शक्यता वाढत गेली.

याच विद्येचा सर्वांत टोकाचा वापर जिथे होतो, तिथे कोल्हापूरचा ऊन-पाऊस नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली. पुढे दोन पाट्या, मागे एक रुंद पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. १९६२ पासून तिला ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीची इंजिने बसू लागली आणि १९७० मध्ये बॉम्बार्डिए कंपनीने रोटॅक्सचे घराणेच विकत घेतले.

स्नोमोबाइलला मोटारीसारखा मोठा रेडिएटर सोसत नाही, समोरची जाळी बर्फाने लिंपून जाईल. म्हणून पट्ट्याच्या वरच्या बोगद्यात अॅल्युमिनियमचे पोकळ पत्रे लावतात आणि त्यांतून इंजिनाचे पाणी फिरवतात. पट्टा फिरताना बर्फ उडवतो, तो बर्फ पत्र्याला आपटून वितळतो आणि पाणी गार होते. पंचगंगेकाठचे इंजिन ज्या नदीला उपसायचे तिच्याच पाण्याने निवायचे आणि ही गाडी ज्या बर्फावर धावते त्यानेच निवते. दोन्हींची खोडही सारखीच आहे. पात्र आटले की ते इंजिन तापायचे, बर्फ कडक होऊन उडेनासा झाला की ही गाडी तापते.

डोंगरावर जाणाऱ्यांना उंचीचा तोच जुना त्रास. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर येतो आणि इंजिन तेवढेच लुळे पडते. म्हणून हौशी लोक बाहेरून टर्बो बसवू लागले. कारखान्यांना हे पचवायला वेळ लागला. स्की-डूने टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक ‘समिट’ २०२० मध्ये जाहीर केली. ८५० सीसीचे ते इंजिन सुमारे २४०० मीटरपर्यंत आपली १६५ अश्वशक्ती राखते. दाब याहून वाढवायचा तर हवा गार करावीच लागते आणि इथे पाण्याचा इंटरकूलर कामाला येतो. झाकणाखाली जागा नाही, वाऱ्याची जाळी भुरभुरीत बर्फाने बुजते, पण गार करायला बर्फ मात्र हवा तेवढा.

बसवणारे लोक टर्बोच्या तोंडाशी छोटा कूलर लावतात, विजेचा पंप जोडतात आणि त्याचे पाणी बोगद्यातल्या वेगळ्या पत्र्यातून फिरवतात. हे पाणी इंजिनाच्या पाण्यात मिसळू द्यायचे नाही हा पहिला नियम, कारण इंजिनाचे पाणी आधीच तापलेले असते आणि त्याने हवा हवी तेवढी गार होत नाही. गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालायचे हा दुसरा. तिसरा नियम उद्यमनगरातला रेडिएटरवालाही झोपेत सांगेल: नळ्यांत अडकलेली हवा सर्वांत उंच जागेवरून पुरती काढायची. एक बुडबुडा राहिला तरी पंप नुसता फिरत राहतो आणि पाणी जागचे हलत नाही.

कोल्हापुरात बर्फ पडत नाही, पण रोटॅक्सचा आवाज इथे घुमला आहे. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर झाल्या. स्की-डूला इंजिन देणाऱ्या त्याच कंपनीचे १२५ सीसीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन त्या बुटक्या गाड्यांत असते आणि चालकाच्या कुशीला उभा रेडिएटर. ऑस्ट्रियातल्या कारखान्यातले हे भावंड आपल्या मातीत उन्हात पळाले. देशात स्नोमोबाइलचे दर्शन गुलमर्गला पर्यटकांना आणि सियाचिनला लष्कराला होते. खारदुंग-ला खिंडीच्या, म्हणजे ५३५९ मीटरच्या उंचीवर हवा जवळपास निम्मी उरते. तिथे चढणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या टर्बोला आणि इंटरकूलरला आपले काम चोख करावे लागते.

मागची काही वर्षे चित्र पुन्हा पालटते आहे. नदीकाठचे ऑइल इंजिन विजेच्या मोटरीने कधीच हटवले. कोल्हापूरची रेल्वेही विजेवर धावू लागली आणि आफ्टरकूलर धुणाऱ्या फिटरचे काम आटले. मोटारींत मात्र पाण्याचा इंटरकूलर नव्याने आला. लहान टर्बो इंजिनांत तो थेट मॅनिफोल्डमध्येच बसवतात, कारण बॉनेटखाली जागा उरलेली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना टर्बो नाही, पण त्यांची बॅटरी तापतेच आणि तिच्याखालून पाणी फिरवणारे पत्रे लागतातच. तिथेही हवा काढावी लागते आणि गळती तपासावी लागते. लोखंडाच्या जागी अॅल्युमिनियम येईल, हेडच्या जागी बॅटरीचा तळ येईल. पोकळीतून पाणी नीट फिरवण्याचे कसब ज्याच्या हातात आहे त्याचे काम संपणार नाही, असे कोल्हापूरच्या आजवरच्या इतिहासावरून खात्रीने म्हणता येते.

हा इतिहास लिहिला गेला तो कारखानदारांच्या नावाने. कोअर बनवणारे, पॅटर्न कोरणारे, झाळणारे, पाण्याचा दाब देऊन गळती शोधणारे हात त्यात फारसे दिसत नाहीत. त्यांतले बरेच जण आता सत्तरी ओलांडून घरी बसले आहेत आणि त्यांनी हाताळलेली इंजिने किलोच्या भावाने भंगारात चालली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या मळ्यात, गुऱ्हाळात किंवा गिरणीत असे इंजिन पडून असेल तर ते विकण्याआधी नेमप्लेटचा फोटो काढावा. ते कोणी आणले, कोणी दुरुस्त केले, गार ठेवायला काय सोय होती, एवढे घरातल्या जुन्या माणसाला विचारून लिहून ठेवावे. घरात कोणी फौंड्रीत काम केलेले असेल तर हे काम याच आठवड्यात करावे.